एक नातेवाईक

९ फेब्रुवारी, सोमवार

ई-मेल पुसून टाकला. 'अभिनंदन, आपल्या ब्लॉगची निवड झाली आहे' म्हणे! परदेशातून. आठवड्याला दोन तरी येतात असले. मागच्या महिन्यात मला मोटार लागली होती, त्याआधी जहाजातली सहल.

ब्लॉगचे वाचक सतरा. त्यातले दोन म्हणजे मीच. एकदा फोनवरून बघते, एकदा कॉम्प्युटरवरून. निवड कोण करणार!

१० फेब्रुवारी

आज लाँड्रीत तेरा जणांचे कपडे. ड्रायर मध्येच बंद पडला. ताईने एक लाथ घातली, चालू झाला.

११ फेब्रुवारी



दुपारी उंच सिस्टरचा फोन. ती समोरच्या हॉस्पिटलात होती तेव्हा वॉर्डातल्या नातेवाइकांना आमच्या दुकानाचा रस्ता तीच दाखवायची. चार वर्षं झाली तिला परदेशी जाऊन. म्हणाली, "मावशी, ई-मेल बघितलात ना?"

"कुठला?"

"बक्षिसाचा!"

"तो? पुसला."

"पुसला??"

मग कळलं. तिकडे परिचारिकांची मोठी संघटना आहे, बऱ्याच देशांतली. आजाऱ्यांच्या सेवेबद्दल कोणी चांगलं लिहिलं की दर वर्षी एकाला बक्षीस देतात. हिने माझे बारा लेख बसून त्यांच्या भाषेत केले आणि मला न सांगता पाठवून दिले! "सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता." हे खरं.

पहिलं बक्षीस. पहिलं! बाकीच्यांत डॉक्टर आहेत, प्रोफेसर आहेत. आणि मी? टपाल कचेरीत छत्तीस वर्षं शिक्के मारलेली बाई.

आणि लिहिलं तरी काय मी? लाँड्रीत काय होतं ते. ताईची लाँड्री हॉस्पिटलच्या फाटकासमोर. रोज सकाळी सात ते अकरा एक मशीन नातेवाइकांसाठी, मोफत. पेशंटला हॉस्पिटलचे कपडे मिळतात. पण त्याच्यासोबत अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आलेला माणूस? तो पंधरा-पंधरा दिवस बाकावर झोपतो. त्याच्या कपड्यांकडे कोण बघतं? ते आमच्याकडे येतात, पडद्यामागे जाऊन आमचे बदलीचे कपडे चढवतात, स्वतःचे धुवायला टाकतात आणि दीड तास बाकड्यावर बसतात. बसले की बोलतात. फुलाफुलांचा गाऊन घातलेला सहा फुटी ट्रकवाला बायकोच्या ऑपरेशनबद्दल बोलायला लागला, की गल्ल्यावर बसून ऐकणारी मी. ते लिहिते. विचारून लिहिते, नाव गाळून.

सगळ्यांना विचारलं. ताईला सोडून.

१२ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ती वाकून मशीनच्या पोटातून चादरी ओढत होती.

"ताई, आपल्या ब्लॉगला बक्षीस मिळालंय. परदेशात."

"कशाबद्दल?"

"लिहिण्याबद्दल."

"वेळा लिहिण्याबद्दल?"

पाच वर्षांपूर्वी ब्लॉग सुरू केला तेव्हा मी तिला म्हटलं होतं की दुकानाची माहिती टाकतेय. वेळ, पत्ता वगैरे. ती अजून तेवढंच समजतेय! मी म्हटलं, "हो, वेळा... आणि थोडं इकडचं तिकडचं."

"इकडचं तिकडचं म्हणजे?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. देव पावला.

१५ फेब्रुवारी

इस्त्रीवाले काका सगळ्यांना सांगत सुटलेत. चहावाल्याला, औषधवाल्याला, हॉस्पिटलच्या फाटकावरच्या रखवालदाराला. "आमच्या मॅडम जगात पहिल्या!" दहा वर्षं ते या दुकानात उभं राहून इस्त्री करतायत, मला आजवर 'अहो' म्हणत होते. आज मॅडम!

वाचक: चार हजार एकशे बारा. आकडा तीनदा बघितला. चष्मा पुसून चौथ्यांदा बघितला.

१७ फेब्रुवारी

पेपरवाला येऊन गेला. पोरगेलासा वार्ताहर, भारी उत्साही. फोटो काढायचा म्हणून ताईला मशीनशेजारी उभं केलं. "आजी, जरा हसा ना." ताई म्हणाली, "मशीन चालू असताना मी हसत नाही."

जाताना त्याने हळूच विचारलं, "बक्षिसाचा मुख्य लेख आम्ही पूर्ण छापला तर चालेल?"

चालेल म्हणाले. का म्हणाले? लोभ! दुसरं काय. आपलं लिहिलेलं छापून आलेलं बघायचं होतं त्रेसष्टाव्या वर्षी.

मुख्य लेख म्हणजे 'बावीस दिवस'. ताईचा.

२० फेब्रुवारी

आला छापून.

मी वर अंथरुणं आवरत होते. खाली उतरेपर्यंत काकांनी इस्त्री उभी करून ठेवली होती आणि पेपर उघडून मोठ्याने वाचायला सुरुवातही केली होती. बाकड्यावर पाच जण बदलीच्या कपड्यांत. ताई मशीनपाशी. मी जिन्यातच थिजले.

काकांचा आवाज खणखणीत. पहिला परिच्छेद: 'आमची मालकीण दिसायला उग्र, बोलायला त्याहून उग्र. साबण जास्त ओतला म्हणून ती कंपनीच्या माणसाशी पाऊण तास भांडली होती, आणि कंपनीचा माणूस हरला.' बाकड्यावरचे हसले. ताईचा चेहरा दगड.

पुढे मी लिहिलं होतं ते सगळं. भावोजी समोरच्या हॉस्पिटलात बावीस दिवस होते. ताईकडे दोन जोड कपडे. पहाटे न्हाणीघरात एक जोड धुवायचा, पिळायचा आणि ओलाच अंगात घालायचा, कारण वाळत घालायला जागा नाही. मग खोकला. मग धुवायचंच सोडलं, आणि अंगाला वास यायला लागला. 'एके दिवशी भेटायला आलेल्या एक नातेवाईक बाईंनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली. ते मालकिणीने बघितलं. बाविसाव्या दिवशी नवरा गेला. दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या फाटकासमोर तिने लाँड्री उघडली आणि पाटी लागली: नातेवाइकांचे कपडे धुऊन मिळतील, पैसे नाहीत.'

काका वाचता वाचता थांबले. शेवटचं त्यांना वाचवेना. बाकड्यावरची एक बाई डोळे पुसत होती.

ताईने मशीनचं दार लावलं. बटण दाबलं. वर बघितलं — थेट जिन्यात, माझ्याकडे.

 

२१ फेब्रुवारी

कालपासून ताई माझ्याशी बोललेली नाही.

२२ फेब्रुवारी

माझ्याशी नाही, पण काकांमार्फत बोलते. मी तीन हात अंतरावर उभी! "त्यांना सांगा, साबणाचा डबा संपत आला." काका माझ्याकडे वळून: "मॅडम, साबणाचा डबा संपत आला." मी: "सांगा, उद्या आणते." काका तिकडे वळून: "उद्या आणतायत." काकांच्या मानेला झटका येईल अशाने.

जेवताना तर काका नसतात. मग ती भिंतीला सांगते. "मीठ हवंय." मी मीठ देते. भिंत काही देत नाही.

२३ फेब्रुवारी

इथे तरी लिहावं. ही वही कोणी छापणार नाही.

ती 'एक नातेवाईक' मी आहे.

अकरा वर्षं झाली. तेव्हा मी नोकरीत, राहायला दुसऱ्या गावी. रविवारी भेटायला गेले होते. कडक इस्त्रीचे कपडे, अत्तर लावलेलं. ताई भावोजींच्या खाटेशी बसलेली. मी शेजारी खुर्ची घेतली. वास आला. मी खुर्ची मागे घेतली. वीतभर, जास्त नाही. मग म्हटलं, पंख्याचं वारं इकडे बरं लागतंय.

ताई म्हणाली, "हो, बस तिकडेच."

मला वाटलं, तिला कळलं नाही. लेखात लिहिलं 'मालकिणीने बघितलं', पण ते आपलं शोभेसाठी लिहिलं होतं. खरंच बघितलं असेल असं कधी वाटलंच नाही. की वाटून घेतलं नाही?

आणि त्याच लेखाला पहिलं बक्षीस. पत्रात त्यांनी लिहिलंय, 'निर्भीड प्रामाणिकपणाबद्दल'. वाचून कान गरम झाले.

२६ फेब्रुवारी

बोलली!

अकरा वाजता काका जेवायला गेले. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. मी बदलीचे कपडे घड्या घालून मांडणीवर लावत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"छोटी." (त्रेसष्ट वर्षांची छोटी. ती एकाहत्तरची.)

"काय गं?"

"मला भांडखोर लिहिलंस. चालेल, आहे मी. माझ्या अंगाला वास येत होता लिहिलंस. तेही चालेल, येतच होता. पण ती 'एक नातेवाईक बाई' कोण गं?"

माझ्या हातातला सदरा तसाच.

"सगळं खरं लिहिलंस आणि नेमकं तेवढंच गाळलंस?"

"ताई, मला वाटलं होतं की तुला तेव्हा..."

"खुर्ची फरशीवर कर्र वाजली होती. मला वास येत होता, मी बहिरी नव्हते."

मी रडले. ती नाही रडली. सदरा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "भिजवू नकोस. धुतलेला आहे."

मग जाता जाता, दाराशी: "माझ्याबद्दल लिहायला तुला कोणाची भीती वाटली नाही. स्वतःबद्दल लिहायला वाटली. एवढंच मला लागलं."

२७ फेब्रुवारी

लिहिलं. सकाळी बसले ते दुपारीच उठले. चार वेळा खोडलं. शेवटी आठ ओळी राहिल्या. 'बावीस दिवस या लेखातली नातेवाईक बाई मी आहे. मालकीण माझी सख्खी बहीण. खुर्ची मी सरकवली. पंख्याचं निमित्त मी सांगितलं. हे अकरा वर्षं लपवलं, आणि लेखातही लपवलं. त्याच लेखाला प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळालं आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे.'

ब्लॉगवर टाकलं. उंच सिस्टरला पाठवलं. म्हटलं, तुझ्या संघटनेला दाखव. बक्षीस काढून घेतलं तरी हरकत नाही.

हरकत आहे. खूप आहे. पण टाकलं.

ताईला वाचून दाखवलं. ती कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "अत्तराचं राहिलं."

अत्तराचं घातलं.

१ मार्च

तिकडून काही नाही. काका हल्ली 'मॅडम' म्हणताना जरा चाचरतात. बक्षीस गेलं तर परत 'अहो' वर यावं लागेल, या विवंचनेत असावेत.

४ मार्च

पत्रं यायला लागली आहेत!

ब्लॉगखाली लोक लिहितात ना, तिथे. उंच सिस्टरने त्या ओळी त्यांच्या भाषेत करून तिथे टाकल्यात, आणि उत्तरं कुठकुठल्या भाषांत! उंच सिस्टर आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून आमच्या भाषेत करून पाठवतायत. एका बाईने लिहिलंय, 'माझ्या वडिलांच्या खोलीत मी दारातच उभी राहायचे. ऑफिसला उशीर होतोय म्हणायचे. उशीर होत नव्हता.' एक म्हातारे गृहस्थ, बंदरावर काम केलेले: 'भावाला मिठी मारताना मी श्वास रोखून धरला होता. त्याला कळलं असणार. तुमच्या बहिणीला विचारून सांगाल का, असं कळतं का हो?'

सगळे तेच. मीही खुर्ची सरकवली. मीही. मीही.

दुपारी ताई चादरींच्या घड्या घालत होती. मी वाचत होते.

"अजून किती आहेत?"

"पन्नासेक."

"वाच. चादरी बऱ्याच आहेत."

त्या म्हाताऱ्याचं वाचल्यावर थांबली. चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलं. मग म्हणाली, "त्याला लिही. कळतं. पण तो आला होता, हेही कळलं असेल म्हणावं."

मी जशीच्या तशी दोन वाक्यं लिहून पाठवली.

९ मार्च

संघटनेचं उत्तर आलं. बक्षीस कायम! त्यांच्या पुस्तिकेत आता दोन्ही छापणार, लेख आणि त्याखाली त्या आठ ओळी. (अत्तर धरून नऊ.) समारंभ मे महिन्यात. येण्याजाण्याचं सगळं ते बघणार, राहायला उंच सिस्टरच्या घरी.

मॅडम कायम!

१० मार्च

एकच माणूस जाऊ शकतं. बोलावलंय दोघींना, पण दोघी गेलो तर दुकान? नातेवाइकांना काय सांगायचं, बक्षीस घेऊन येतो, तोवर मळकेच राहा?

ताई म्हणते, "तू जा. लिहिलंस तू."

मी म्हणते, "तू जा. धुतलंस तू."

काका म्हणाले, "मी जातो."

११ मार्च

ठरलं. ताई जाणार. मी हट्टच धरला. तिने शेवटची ढाल पुढे केली, "मला तिथे काय बोलता येणार?"

"तू कुठे कधी गप्प बसलीस?"

"सहा दिवस बसले होते की. फेब्रुवारीत."

हसलो दोघी. इतक्या, की बाकड्यावरच्या बाईनेही हसायला सुरुवात केली, कशाला ते तिला माहीत नसताना. तिच्या मुलाला आज अतिदक्षता विभागातून बाहेर आणलंय. तिला हसायला निमित्तच हवं होतं.

२५ मार्च

पासपोर्टचा फोटो. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही. ताई म्हणाली, "हा एक शहाणा माणूस भेटला."

१४ मे

गेली.

विमानतळावर काचेपलीकडे दिसत होती. नवी बॅग, जुनी पर्स, ताठ मान. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मग वळली, आणि खुणेने सांगितलं: गॅस.

बंद केलाय गं!

१५ मे

पहिला दिवस. साडेसहाला शटर उघडलं. दहा वर्षं हे दुकान आहे, पाच वर्षं मी इथे राहतेय, पण मशीनला मी हात लावला तो आज. गल्ला, रजिस्टर आणि गप्पा, एवढंच माझं खातं होतं.

एक लाल मोजा. एकच! कोणाच्या तरी खिशात होता. नऊ जणांचे पांढरे कपडे गुलाबी. मी डोक्याला हात लावून बसले. एक आजोबा आपला सदरा उंच धरून बघत राहिले, म्हणाले, "बायको शुद्धीवर आली की पहिलं हेच विचारेल. बरं झालं, बोलायला विषय मिळाला."

ताईचा फोन. पोचली. सांगितलं नाही. पण तिने विचारलं, "पांढरे वेगळे केलेस ना?" तिला दहा हजार मैलांवरून वास येतो!

१६ मे

फोन तीनदा. एकूण सूचना अकरा. साबण अर्धाच झाकण. जाळी साफ कर. काकांना चहात साखर कमी. खिसे तपास. खिसे तपास. खिसे तपास.

१९ मे

काल समारंभ झाला. उंच सिस्टरने सगळं सांगितलं, हसताना तिला धाप लागत होती. मोठं सभागृह, सातशे माणसं. ताईला व्यासपीठावर बोलावलं, शाल नाही की हार नाही, एक काचेची तबकडी दिली. भाषणाला दोन मिनिटं. सिस्टर शेजारी उभी राहून भाषांतर करत होती.

ताई म्हणाली, "बक्षीस चांगलं आहे. लिहिलं माझ्या बहिणीने. ती आज माझ्या जागी धुतेय, म्हणून मी तिच्या जागी बोलतेय. मला एकच विचारायचंय. काल मी या सिस्टरचं हॉस्पिटल बघितलं. फार स्वच्छ आहे. खाली बाकावर एक बाई सहा दिवस बसलेली आहे. ती कपडे कुठे धुते?"

सिस्टरचं भाषांतर संपल्यावर ताई पुढे म्हणाली,

"मला उत्तर द्या, म्हणजे मी खाली बसते."

 त्या हॉस्पिटलच्या प्रमुख बाई उठल्या आणि म्हणाल्या, आम्हाला माहीत नाही. ताई म्हणाली, "मग उद्या भेटू." आणि तबकडी काखेत मारून खाली उतरली!

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली, डोळे पुसले, परत आडवी केली.

२४ मे

आज सोळा जणांचे कपडे. एकही गुलाबी नाही. ड्रायर बंद पडला. मी लाथ घातली. चालू झाला!

ब्लॉगला दहा दिवसांत एक ओळ लिहिली नाही. वेळच नाही. आश्चर्य म्हणजे चुकल्यासारखंही वाटत नाही. संध्याकाळी हात साबणाने सुरकुतलेले असतात आणि झोप गाढ लागते.

एक मुलगी आली होती आज, विशीची असेल. पाच दिवस आईजवळ. पडद्याआडून कपडे बाहेर देईना. म्हणाली, "खूप घाण आहेत, तुम्ही हात लावू नका." मी पडद्याशी जाऊन उभी राहिले.  हात आत घातला आणि कपडे घेतले. मग बाकड्यावर तिच्या शेजारी बसले. जवळ.

२८ मे

ताईच्या सूचना कमी होतायत. काल तीन. आज एक. तब्येत बरी आहे ना तिची? सिस्टरला विचारलं. "ठणठणीत! दिवसभर हॉस्पिटलात असतात. तळघरात." तळघरात काय करतेय ही?

२ जून

ताई आज यायची होती. सकाळी सव्वासहाला तिचा फोन. "तिकीट पुढे ढकललंय. ऑगस्टपर्यंत. इथे तळघरात दोन मशीनं बसलीत, शिकवायला कोणी नको का?" मग म्हणाली, "ठेवते, बायका थांबल्यात."

ठेवला. पांढरे, जाळी, खिसे — एक शब्द नाही! दुकान कोण बघणार, हेसुद्धा विचारलं नाही.

फोन हातात धरून तशीच उभी होते. मग खाली जाऊन शटर वर केलं. आठ जण थांबले होते. त्यांतल्या एकीने विचारलं, "मालकीण कोण?"

"मी," म्हटलं. "या, आत या."